मुदत वाढली आहे

माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. भाजलेल्या बीचा चीक लागून तिची बोटं काळी पडलेली असत. राख चोळून, खोबरेल लावूनही ती कधी पुरती स्वच्छ झाली नाहीत. त्या कामावर मी पदवीपर्यंत शिकलो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. परीक्षेच्या दिवसांत मालक मला कारखान्याच्या कचेरीत पंख्याखाली बसून अभ्यास करू देत. घरी पंखा नव्हता. बायका बाहेर गर सोलत असत आणि मालक दार ओढून घेत, माझ्या कानावर गप्पा पडू नयेत म्हणून.

म्हणूनच माझा पहिला प्रोग्राम मी त्यांच्यासाठी लिहिला. प्रत्येक बाईने किती गर काढला ते रोजच्या रोज घालायचं, शनिवारी मजुरीच्या चिठ्ठ्या छापून मिळायच्या. मी तेव्हा सावंतवाडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. क्लासच्या सरांनी प्रोग्राम पाहिला, बरा म्हणाले आणि लगेच एक अट घातली. "कुलूप घाल. महिनाभर चालू दे, मग बंद. पैसे दिले तरच पुढे. मागचा प्रोग्राम लोकांनी फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नेला, आपल्या हाती काय लागलं?"

कुलूप घालणं अवघड नव्हतं. प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की तो दिवस एका लपवलेल्या फाइलमध्ये नोंदायचा आणि पुढे दर वेळी आजची तारीख त्याच्याशी ताडून बघायची. कोणी कॉम्प्युटरचं घड्याळ मागे फिरवलं तर तेही कळावं, म्हणून शेवटच्या वापराचा दिवसही ठेवायचा. हे सगळं दोन दिवसांत जमलं. जमत नव्हतं ते मनाला. ज्या माणसाने आपल्या कचेरीचं दार माझ्यासाठी ओढून घेतलं, त्याच्या टेबलावर मी कुलूपबंद वस्तू ठेवणार होतो. त्यांना हा अविश्वास वाटला तर? आणि आईला तर रोज त्यांच्याच दारात जायचं होतं.

महिना झाला की पडद्यावर अक्षरं यायची: आपली मुदत संपली आहे. जेवताना मी आईला ती वाचून दाखवली. तिचा घास हातातच राहिला.

"मेल्या, मालक आत्ताच हार्टाचा ऑपरेशन करून इलेत. त्येंका सांगतलंस, तुमची मुदत संपली?"

"अगो, प्रोग्रामाची मुदत."

"कोणाची ती लिवलंस खंय? आणि संपली म्हणतंस कसो? घरात तांदूळ संपले तर काय म्हणतव आपण? वाढले. दिवो वाढवलो, दुकान वाढवला. शुभ बोलाचा."

तिचं म्हणणं मला पटलं. मी 'संपली' खोडून 'वाढली' केलं. आपल्याकडे हा शब्द कोणाला कळणार नाही, अशी शंकाही आली नाही. मालकांना प्रोग्राम देताना "महिनाभर वापरून बघा" एवढंच म्हणालो. कुलपाचं बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी चहा मागवला आणि ते राहून गेलं.

महिना झाला तो नेमका शनिवारी, मजुरीच्या दिवशी. दुपारी क्लासवर फोन आला. कारखान्याचे कारकून होते.

"रे, ह्यां तुझां मशीन येडां झालां. मुदत वाढली म्हणता आणि उघडत नाय! मी म्हटलंय बरां झालां, वाढली. सकाळधरून बटनां दाबतंय, परत तांच. वाढली तर उघडत कित्याक नाय?"

 सरांना सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "कुलूप आणखी आठवडाभर उघडेल असा आकडा घेऊन जा. पण आज विचारून ये, विकत घेणार की नाही." मी एसटी पकडली. वाटेत बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. मालक म्हणणार, माझ्याच पंख्याखाली शिकून माझ्याच तोंडावर दार लावलंस, एवढंच मी ऐकत होतो.

कारखान्याच्या पडवीत बायका मजुरीसाठी बसल्या होत्या, आई त्यांतच. एक म्हातारी मला बघून आईला ओरडून म्हणाली, "इलो गो तुझो झील! मुदत वाढवून आमची मजुरी थांबवल्यान!" सगळ्या हसल्या. आई हसली नाही. 

आत मालक टेबलाशी बसले होते, ऑपरेशननंतर अजून अशक्त. मी आधी आकडा टाकला. प्रोग्राम उघडला, कारकुनांनी चिठ्ठ्या छापायला घेतल्या. मग मी सगळं सांगितलं: कुलूप, महिना, आणि 'वाढली' म्हणजे खरं तर 'संपली'.

"संपली लिवलं असतंस तर आमका कळला नसता काय?"

"आई म्हणाली, तुम्ही नुकतेच ऑपरेशन करून आलात. शुभ लिहावं."

 त्यांचे खांदे हलू लागले. हसता हसता त्यांनी छातीवर हात दाबला आणि मी उठलोच. "बस रे, बस. टाके ओढतत," ते म्हणाले. "मगे आता कोणती वाढली? संपलेली काय खरीच वाढलेली?"

"खरीच. एक आठवडा."

"आणि कुलपाक इतको घाबरलंस?" त्यांनी टेबलावरच्या बशीतले गर मुठीत घेतले. "गोव्याचो व्यापारी येता तेका मी एवढे दाखवतंय. अख्खां पोतां नमुन्याक कोण देता? आवडले तर पैसे टाक आणि ने. तूय तांच केलंस. राग एकाच गोष्टीचो आसा. माका आधी सांगाक होया होतां."

"चुकलं, मालक."

"सोमवारी सरांकडसून पक्कां बिल घेऊन ये. कमी करून आणू नको, तुझां काम फुकट जाऊक नये." आणि ते मूठभर गर त्यांनी माझ्या हातात ओतले.

बाहेर आलो तेव्हा आई दाराजवळच बसली होती. दारातून तिला सगळं ऐकू आलं असणार. तिची चिठ्ठी तिच्या हातात होती. ती उठली आणि शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "चल गो, बाजार गाठूया, माझो झील सकाळधरून जेवूक नाय." मी खरंच जेवलो नव्हतो. ते तिला कसं कळलं कोण जाणे, पण तोपर्यंत मला भूक लागल्याचं माझंच मला कळलं नव्हतं.