शाहीर गुरगुरप्पा, मुक्काम हुमनाबाद

घरात लहान मूल असलं की किस्से आपोआप साठतात. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगासारखे. घड्या घालू घालू म्हणेपर्यंत वर आणखी चार येऊन पडतात. आमच्याकडचा ढीग मात्र निव्वळ मुलीचा नाही, मुलीच्या राक्षसाचा आहे.

पण आधी माझी काळजी. काळजीशिवाय माझं कुठलंच बोलणं सुरू होत नाही, असं आमचे हे म्हणतात. सावी सात वर्षांची, दुसरीत. घरात तिचं तोंड मिटत नाही आणि शाळेत उघडत नाही. म्हणजे अजिबातच नाही. हजेरीला हात वर करते, तहान लागली की बाटली दाखवते. दिवाळी आली तरी तिच्या मिसनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. तेव्हाही ती गप्प राहिली तर तिला पुन्हा दुसरीतच बसवावं लागेल, असं शाळेनं मला फार गोड शब्दांत सांगितलं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आमच्या या सीमेवरच्या गावात घरी मराठी, शाळेत कानडी, गल्लीत दखनी उर्दू, एवढं सगळं कानावर पडून मूल गप्प होतं का, हे मी फोनवर शोधत बसले. होत नाही म्हणे. मग दुसरं शोधलं, की आई फार काळजी करणारी असेल तर होतं का. त्याचं उत्तर न वाचताच फोन उशीखाली ठेवला.

*

राक्षस घरात आणला माझ्या दिरानं. सचिन भावजी हैदराबादच्या कंपनीचं काम हुमनाबादेत बसून करतात आणि रविवारी एक खेळ मांडतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर डोंगर, जंगलं, किल्ले काढलेले. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं. भावजी गोष्ट पुढं नेणार, आपलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस तोंडांचा फासा ठरवणार.

मी तलवारवाली झाले. पूल दिसला की आधी तो पक्का आहे का, असं विचारणारी तलवारवाली. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, वैद्यीण झाल्या. सावीनं भावजींच्या पुस्तकातली सगळी चित्रं नीट बघून एका ऑर्कवर बोट ठेवलं. ऑर्क म्हणजे हिरव्या कातड्याचा राक्षस, खालचे सुळे ओठाबाहेर आलेले. ऑर्क लढवय्ये असतात, असं भावजींनी समजावलं. सावी म्हणाली, असतील, पण माझा शाहीर आहे आणि त्याचं नाव गुरगुरप्पा.

आत्याबाईंना हे काही पटलं नाही. "राक्षस कामून व्हायलीस गं? राजकन्या हो की."

"राजकन्येला कुणीबी उचलून नेतंय, आज्जी. मला कोण उचलतंय? दोन क्विंटल हाय मी."

*

दर रविवारी खेळाची सुरुवात गुरगुरप्पाच्या आत्मस्तुतीनं होते. त्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. सावी पाय फाकवून उभी राहते, हनुवटी छातीला टेकवते आणि पोटातून आवाज काढते. एवढ्याशा पोटात तो आवाज कुठं मावतो, ते मला अजून कळलेलं नाही.

"हुमनाबादपासून आळंदपर्यंत माझ्यावाणी गळा कुणाचा न्हाई. मी गायलो की बसलेला डोंगर उठतोय. उठलेला डोंगर नाचतोय. नाचून दमला की त्याला मीच पाणी पाजतोय."

भावजी या बाबतीत जरा शिस्तीचे. त्यांनी हळूच सांगितलं, की ही वेगळी दुनिया आहे आणि या दुनियेत हुमनाबाद नाही.

गुरगुरप्पानं नकाशावर वाकून सगळीकडं बघितलं. "मग तुमची दुनिया अजून पुरी झाली न्हाई, काका. आधी पुरी करा."

आता त्या नकाशात ड्रॅगनच्या गुहेच्या खालच्या अंगाला हुमनाबाद आहे. बसस्टँडसकट.

*

त्याच्या गाण्यात जादू आहे, पण ती काय करेल हे कुणालाच ठाऊक नसतं. भावजींनाही नाही. हातात माझ्या मेहकरच्या मामांचं जुनं तुंतुणं असतं. मामा पूर्वी जयंतीला गाणी म्हणायचे. आता दम पुरत नाही म्हणून त्यांनी ते सावीला दिलं. गाणं मराठीत सुरू होतं, मध्येच कानडीत शिरतं आणि यमक अडलं की दखनीचा हात धरून बाहेर पडतं.

एकदा किल्ल्याच्या दारावर पहारेकरी होता. त्याला गाऊन झोपवतो, असं गुरगुरप्पानं जाहीर केलं. गाणं झालं, फासा पडला, आणि पडला तो एक. म्हणजे सपशेल फसलं. भावजी म्हणाले, पहारेकरी टक्क जागा आहे, गाण्याचा काहीही परिणाम झालेला नाही.

"फासा कायबी म्हणू द्या," गुरगुरप्पा म्हणाला. "आधी पप्पाकडं बघा."

आमचे हे हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नुकतेच येऊन खेळ बघत बसले होते. भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होते. हातातला चहाचा कप मात्र सरळ होता.

*

एका रविवारी संध्याकाळी खेळ ऐन रंगात आला आणि करंट गेला. अंधारात तुंतुणं वाजायला लागलं. कसलं गाणं होतं देव जाणे, त्यात ट्रान्सफॉर्मरला "अण्णा" म्हणून हाक मारली होती एवढं कळलं. दुसरं कडवं संपायच्या आत करंट आला. योगायोग, असं मी म्हणाले. भावजींनी फासा उचलून नीट बघितला.

गुरगुरप्पा तर आठवडाभर जमिनीवर नव्हता. ही गोष्ट आत्याबाईंनी भिंतीवरून पलीकडं सांगितली आणि ती गल्लीभर झाली. पुढं परत करंट गेला तेव्हा शेजारच्या रेश्मा भाभींनी भिंतीवरून हाक मारली, "उस राक्षस कू बोलो ना जी, थोडा गाओ बोलके!" त्यांच्या मागं गल्लीतली पाच-सहा पोरं टॉर्च घेऊन उभी.

मी आत वळून बघितलं. दोन क्विंटलचा शाहीर दारामागं उभा होता. दोन्ही हातांनी माझ्या ओढणीचं टोक तोंडावर धरून.

मी भाभींना सांगितलं की त्याचा घसा बसलाय.

*

घसा बसल्याचं मी सांगितलं आणि ते आत्याबाईंनी मनावर घेतलं. पुढच्या रविवारी खेळ सुरू होताच वैद्यीण सरसावली. एरवी त्यांचं सगळं वैद्यक ओव्यावर चालतं. ड्रॅगननं भाजलेल्या सैनिकालाही त्यांनी ओवाच दिला होता. पण जिभेचा विषय निघाला की वेखंड. आमच्याकडं पोर उशिरा बोलायला लागलं तर वेखंड उगाळून जिभेला लावतात, आणि शाळेचा निरोप आल्यापासून त्या सावीच्या मागं वाटी घेऊन फिरत होत्या. सावी हाती लागत नव्हती. म्हणून त्यांनी राक्षसाला गाठलं. खरीखुरी सहाण, खरंखुरं वेखंड.

"शाहीर, जीभ काढा."

गुरगुरप्पानं वाटीचा वास घेतला आणि तोंड मिटलं. मग म्हणाला, "माझ्या जिभेला कामून? ती आधीच लई बोलायलीय. सावीला द्या की."

वाटी धरलेला आत्याबाईंचा हात तसाच राहिला. भावजी नकाशात नसलेली नदी काढायला लागले. मला वाटलं, आता काही विचारलं तर सगळंच मोडेल. न विचारलं तर मी मोडेन. शेवटी तलवारवालीच्या आवाजात विचारलं, "का हो शाहीर, त्या सावीला बोलता येत नाही का?"

"येतंय की. पण ती बोलायला उठली की सगळे तिच्या तोंडाकडं बघतेत."

"तुमच्याकडं नाही बघत?"

"बघतेत," गुरगुरप्पा म्हणाला. "मी खाऊन टाकतो."

*

मग भावजींच्या डोक्यात आलं की राक्षसालाच शाळेत पाठवावं. मला ते एकदम पटलं. मला काळजीच्या दिवसांत काहीही एकदम पटतं. सोमवारी दप्तरात तुंतुणं ठेवलं, डब्यात दोन क्विंटलच्या मानानं धपाटी दिली, आणि वर्गात भीती वाटली तर गुरगुरप्पाला बोलू दे, असं सावीच्या कानात सांगितलं. तिनं मान हलवली. सावी मान फार छान हलवते.

संध्याकाळी ती परत आली ती तुंतुण्याशिवाय. रिक्षातल्या मुलीकडून कळलं ते असं: तुंतुणं बघायला अख्खा वर्ग बाकाभोवती जमला. हे काय आहे, वाजवून दाखव, म्हणून सगळे मागं लागले. सावी बोलली नाही, वाजवलंही नाही. शेवटी पोरांनीच ते हातोहाती फिरवलं आणि त्याची तार तुटली. मिसनी ते कपाटात ठेवून दिलं.

रविवारी भावजींनी नकाशा पसरला. आत्याबाईंनी ओव्याची पुडी काढली. सावी येऊन बसली आणि घरातल्याच, रोजच्या बारीक आवाजात म्हणाली, "आजपासून गुरगुरप्पा न्हाई. गावाला गेलाय."

मी विचारलं, कुठल्या गावाला?

"त्यानं सांगितलं न्हाई."

इतके दिवस मला भीती होती की ती फक्त राक्षस म्हणूनच बोलते. आता राक्षसही गेला होता. त्या रविवारी तलवारवालीनं तीन पूल न विचारता ओलांडले. एकही पडला नाही, आणि त्याचं मला काहीही वाटलं नाही.

पुढच्या रविवारीही तो आला नाही. आमची टोळी ड्रॅगनच्या दाराशी अडकून पडली. दार गाण्यानंच उघडणार होतं आणि गाणारा गावाला. भावजी म्हणाले, आपण दुसरी वाट काढू. आत्याबाई म्हणाल्या, थांबू. पाव्हणा असो की राक्षस, घरचं माणूस बाहेर असताना पुढं जायचं नसतं.

*

त्यानंतरच्या रविवारी दुपारी दारात शैला मिस उभ्या. सावीच्या मिस. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तुंतुणं. तार शोधली पण हुमनाबादेत मिळाली नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्या कलबुर्गीकडच्या, पुरत्या कानडी. मराठी त्यांना कळतं, पण तोंडात येता येता अडतं. मला वाटलं, तुंतुणं निमित्त आहे, खरा निरोप वेगळाच असणार. सावी मिसना बघताच स्वयंपाकघराच्या दारामागं गेली.

आत्याबाई कुणालाही रिकाम्या हातानं बसू देत नाहीत. त्यांनी मिसना सतरंजीवर बसवलं, पुढं चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा ठेवला, आणि मिसनी हा कसला नकाशा म्हणून विचारताच त्यांच्या हातात फासा दिला. नको नको म्हणेपर्यंत भावजींची गोष्ट सुरूही झाली. तुम्ही एक प्रवासी आहात, ड्रॅगनच्या दाराशी पोचला आहात, समोर ही टोळी बसली आहे. सांगा, तुम्ही कोण आहात आणि आता काय करता?

मिस हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही खरोखर वाट बघतोय.

"मी..." त्या म्हणाल्या. पुढचा शब्द येईना. त्यांनी सुशीलाचा एक घास घेतला, तो चघळत राहिल्या, पुन्हा "मी..." म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या. चाळीस पोरांचा वर्ग रोज एका आवाजात गप्प करणाऱ्या बाई, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भावजींना मदत करायची होती, म्हणून ते उत्साहानं आणखी पुढं झुकले. आत्याबाईही झुकल्या. मीसुद्धा. मिस फासा मुठीत घट्ट धरून बसल्या.

स्वयंपाकघराचं दार कुरकुरलं.

सावी बाहेर आली. सतरंजीला वळसा घालून मिसच्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लावून. पाय फाकवले नाहीत, हनुवटी छातीला लावली नाही. पोटातला तो आवाजही काढला नाही. आपल्या बारीक आवाजात, तिला येते हे मला माहीतच नव्हतं इतक्या सरळ कानडीत ती म्हणाली,

"मिस, पहिल्या दिवशी गप्प बसलं तरी चालतं. फासा तेवढा टाका."