मूठभर कोंडा

"माझा माल कुठी हाये?" दारात सूप आपटून ती विचारायची, आणि माझा चार वर्षांचा लेक कणगीमागं दडायचा. त्याच्यामागं मीही दडायचे, हे आता सांगायला हरकत नाही.

ती आमच्या गल्लीतली बुरडीण. अनसिंगच्या बाजारात सुपं-टोपल्या विकायची. माझी पहिली दोन लेकरं गेली होती. तिसरा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला सुपात घालून हिला विकला. बदल्यात मूठभर कोंडा घेतला. लेकरू दुसऱ्याचं म्हटलं की काळ फसतो, अशी आमची अक्कल.

मी तर चार पावलं पुढं. दृष्ट लागेल म्हणून पोराला माणसंच दाखवली नाहीत. कुणी हाक मारली की तो माझ्या पदरात तोंड खुपसायचा, आणि मला वाटायचं, किती गुणाचं लेकरू!

"गुणाचं कायचं? घुबड करून राह्यली तू त्याचं," ती म्हणाली. "माल माझा हाये." आणि त्याला कडेवर मारून आपल्या अंगणात घेऊन गेली.

मी कुडाच्या फटीला डोळा लावून बसले. ती गल्लीतल्या पोरांना खेळायला बांबूच्या कामट्या वाटायची, माझ्याला एकच. दुसरी हवी तर त्यानं शेजारच्या पोरीला मागायची, आपल्या तोंडानं. पहिल्या दिवशी तो रडला. फटीशी मीही रडले. आठव्या दिवशी त्याचा आवाज आला, "मले दे ना वं."

"कोनाच्या दारात गेलं का आधी इचारायचं, बरी हायेस का," ती शिकवायची. "मंग काय पायजे ते माग."

त्या साली गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली. गाव शेतात राहायला निघालं. आमचीही गाडी भरली. तिचं दार बंद होतं. आतून हाक आली, "बाई, जवळ येऊ नोको. मले गाठ आली. माझा कोंडा वापस दे. पोट्टं तुझं."

मालकिणीला न्यायला आलेला काळ तिचा मालही नेईल, ही भीती तिलाही होती. मी पळत जाऊन कोंडा आणला, उंबऱ्यावर टाकला, पोराला ओढत मागं फिरले.

तो हात सोडवून थांबला. "मोठीमाय, बरी हायेस का?"

मग आतून, "बरी हाये, राजा. जाय, पोट्ट्यायत खेळ."

परतलो तेव्हा तिचं दार सताड उघडं होतं, आतलं घर रिकामं. पोरगं धावत गेलं, उंबऱ्याशी थांबलं आणि आधी तेच विचारलं. मागं उभी राहून या खेपेला मीही विचारलं.