ताखामतचं तारूत

तारूतचं झाड बियांपासून वाढवायचं म्हणजे वेड्याचा उद्योग, असं वाळवंटातल्या त्या पठारावर शेळ्या राखणारे सगळेच म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं! जी शेदोनशे झाडं उभी होती ती इतकी म्हातारी, की त्यांचं रोप कुणाच्या पणज्यानंही पाहिलेलं नव्हतं. ताखामत आणि तिचा नवरा बादी यांना मात्र त्या वेडानं झपाटलं. बोंडं फोडून बी काढायचं, पाण्यात टाकायचं आणि तरंगेल ते फेकून द्यायचं. शंभरात एखादं बुडायचं, आणि तेही मातीत जाऊन गप्प बसायचं. चार वर्षं हाच खेळ चालला. पाचव्या वर्षी एक कोंब आला, एकच. बादीनं त्याच्याभोवती दगडांचं कडं रचलं. ताखामतनं शेळ्यांना असल्या शिव्या घातल्या की त्या तिकडे फिरकेनाशा झाल्या.

पहिल्याच हिवाळ्यात रोप तांबूस पडलं तेव्हा ती ऊर फुटेस्तोवर रडली होती. बादी हसत होता. "मेलं नाही गं ते, झोपलंय. थंडीत तू तरी कुठं लवकर उठतेस?" थंडी सरली आणि रोप पुन्हा हिरवं झालं. त्यानंतर दर हिवाळ्यात ते तसंच तांबूस व्हायचं आणि ती वाट पाहायची.

झाड सहा वर्षांचं असताना बादी तापानं गेला. तेव्हापासून झाडासाठी डोहावरून पाण्याची कातडी मशक भरून आणायची तिनं एकटीनं. खाली जानेत गावाला राहणारी तिची मुलगी राइशा चिडायची, की माझ्या पोरांपेक्षा त्या काटकीवरच आजीचं प्रेम जास्त. खोटं नव्हतं ते. अकराव्या वर्षी झाड तिच्या खांद्याला लागलं आणि त्यावर हरभऱ्याएवढी तीन बोंडं धरली. पिकायला अजून एक हिवाळा हवा होता. आपण मेल्यावरही या झाडाचं बी मागे राहील, एवढंच तिचं मागणं होतं.

नेमका त्याच वेळी गुडघा सुजला. राइशानं तिला गाढवावर बसवून खाली नेलं, आणि ऐन थंडीचे चाळीस दिवस तिनं लेकीच्या घरी कुढत काढले.

तिथंच एके दिवशी उखा दारात उभा राहिला. तिचा धाकटा, एकुलता एक भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवला होता. सीमेपलीकडे मजुरीला गेला तो अठरा वर्षांनी परतला होता, अर्धा पांढरा होऊन. आक्काला वर जायचं आहे म्हटल्यावर तो दोन दिवस आधीच निघाला. म्हातारीची राहायची कपार झाडून ऊबदार करून ठेवतो, म्हणाला. त्या आनंदात झाडाचं सांगायचं तिला सुचलंच नाही.

ती वर पोचली तेव्हा कपारीत चहा उकळत होता. धुराला गोडसर वास होता. तारूतचा. लहानपणी वडील पडलेल्या फांद्या आणायचे तेव्हा असाच वास यायचा. याला कुठंतरी जुनी फांदी मिळाली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि रिवाजाच्या तीन पेल्यांतला पहिला घेतला.

"लाकडासाठी लांब जावं नाही लागलं," उखा सांगत होता. "खाली दगडांच्या कड्यात एक वाळकं झाड होतं. कुणीतरी जीव लावला असणार बिचाऱ्यानं, पण पार तांबडं पडलेलं. तरी मी आबांच्या शिकवणीप्रमाणं काडी मोडून पाहिली. लवली तर जिवंत, कडकन मोडली तर वाळलेली. कडकन मोडली."

दंव गोठलेलं असताना जिवंत काडीसुद्धा तशीच मोडते. आबांनी ते सांगितलं नव्हतं. ताखामतलाही ते झाडानंच शिकवलं होतं.

"धूर मात्र फार करतंय गं," तो म्हणाला. "डोळ्यांत गेला का?"

"गेला."

त्यानं उंचावरून धार धरत दुसरा पेला भरला. तो त्यानं तिच्या ओंजळीत नीट बसवला. ओरडावं, सगळ्या पुरुषांसारखं तोंडावर गुंडाळलेलं त्याचं फडकं ओढून त्याला जाब विचारावा, असं तिला आतून होत होतं. पण अठरा वर्षांनी आलेला भाऊ तिच्यासाठी पेटवलेल्या विस्तवापुढे बसला होता. किती खूश दिसत होता तो. तिनं दुसरा पेला संपवला.

तिसरा ओतताना त्याला आठवलं. "राइशा म्हणत होती, तू कसलंसं रोप लावलंयस. उद्या दाखव मला."

ताखामतनं विस्तवाकडे पाहिलं. बुंधा अजून जळत होता, टोकाशी ओला रस खदखदत होता.

"वाळलं ते," ती म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यातच."

"अरेरे. दुसरं लावू की. मी आहे आता."

"लावू," ती म्हणाली, आणि तिसरा पेलाही तिनं तळापर्यंत प्यायला.

सकाळी उखा जागा झाला तेव्हा ती लंगडत डोहाकडून वर येत होती. खांद्याला भरलेली मशक होती. अकरा वर्षांची सवय, पाय आपसूक गेले होते. तो धावत पुढे गेला आणि मशक स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"एवढं पाणी कुणासाठी गं, आक्का?"

तिनं खाली दगडांच्या रिकाम्या कड्याकडे पाहिलं.

"तुझ्या चहाला," ती म्हणाली.