न्यूट्रलमधला एक्झॉस्ट ब्रेक

"मिस्टर कुटं गेलेत?" आबांनी मला विचारलं.

मी त्यांच्याच पिकअपखालून नुकतीच बाहेर आले होते. कोपरापर्यंत ग्रीस, कपाळाला काळं.

"ते कॉलेजात शिकवतात. गॅरेज माझं आहे."

"बरं बरं. मग मेन मेकॅनिकला बोलवा."

"बोलतेय की तुमच्याशी."

आबांनी एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग अडचणीत सापडलेल्या माणसासारखे स्टुलावर बसले.

आबा सांगोल्याचे. डाळिंबाचे व्यापारी. त्यांच्या डिझेल पिकअप घाट उतरून कोकणात माल पोचवतात. ही गाडी सिद्धाराम चालवायचा, मूळचा कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा. त्याची तक्रार अशी, की अर्ध्या घाटात ब्रेकमधून जळका वास येतो आणि पेडल दाबलं तर नुसतं आत जातं. आबांचं निदान असं, की सिद्धाराम भित्रा आहे. पण हायवेवर त्यांनी एक मोठा ट्रक थांबताना ऐकला, मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले आणि ठरवून टाकलं.

"मॅडम, एक्झॉस्ट ब्रेक टाका. फुस्सऽऽ असा आवाज आला पायजे."

"आबा, ती फुस्स एअर ब्रेकची. तुमच्या गाडीत हवेची टाकीच नाही."

"मग एक्झॉस्ट ब्रेकचा आवाज कसा असतोय?"

"घोरल्यासारखा."

आबांचा चेहरा पडला. गाडी थांबेल की नाही, हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं.

एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे काय, ते सोपं आहे. इंजिनाचा धूर ज्या पाइपातून बाहेर पडतो, त्यात एक झडप बसवायची. उताराला बटण दाबलं की झडप मिटते. धूर कोंडतो, इंजिनाला फिरणं जड जातं, आणि गियरमधून तो जडपणा चाकांपर्यंत पोचतो. गाडी आवरली जाते, चाकांचे ब्रेक तापत नाहीत. अट एकच. गाडी गियरमध्ये हवी. गियर नसेल तर इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच नाही. मग झडप मिटून फक्त इंजिनाचा गळा दाबला जातो.

मी चाकं उघडली. ड्रम तापून निळे पडले होते. लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारं अस्तर, काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

"हे आधी बदलावं लागेल."

"नवा ब्रेक बसवतोय की! मग जुना कशाला बदलायचा?"

"हा मदतीला असतो, आबा. गाडी थांबवायचा ब्रेक तोच."

"मदतनीस आला म्हणजे आनी चार क्रेट जास्त बसतील न्हवं?"

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, लायनर आणि ड्रम होणार नसतील तर गाडी घेऊन जा. आबा बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलले, माझ्याबद्दलच असावं, आणि आत येऊन म्हणाले, "करा मग."

लायनर इतकं का जळलं, हे मी सिद्धारामला विचारलं होतं. त्याने आबांकडे पाहिलं आणि चहा संपवण्यात गुंतला.

काम नीट झालं. झडप बसवली, ती ओढायला व्हॅक्यूमची वेगळी छोटी टाकी जोडली, डॅशबोर्डवर बटण दिलं. शिवाय एक सेफ्टी स्विच टाकला. क्लच दाबलेला असेल किंवा गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर बटण दाबूनही झडप मिटणार नाही. आबांना म्हटलं, माल भरून आणा, तुळजापूरच्या घाटात ट्रायल घेऊ. सोलापुरात उतार म्हणाल तर उड्डाणपुलाचा, आणि त्यावर गाड्या आधीच थांबलेल्या असतात.

आबा ठरल्या दिवशी आले. मागे पोत्यांत भरलेली वाळू. स्टिअरिंगवर स्वतः.

"सिद्धाराम चालवेल ना?"

"गाडी माझी हाय, ट्रायल मीच घेणार."

मी मध्ये बसले, सिद्धाराम दाराशी. घाट चढलो, वर गाडी वळवली आणि उतरायला लागलो. पहिल्याच उताराला आबांनी गियर न्यूट्रलला आणला.

"आबा, न्यूट्रल का केलं?"

"उताराला गाडी आपसूक पळती. डिझेल कशाला जाळायचं? समद्या ड्रायव्हरांना माझी हीच ऑर्डर हाय."

मी सिद्धारामकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. लायनर का जळलं, ते मला कळलं. घाटभर गाडी नुसत्या पायाच्या ब्रेकवर उतरत होती. आणि वाचत काहीच नव्हतं. आजकालच्या डिझेल गाडीत, गियर असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जवळजवळ जातच नाही.

हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबा म्हणाले, "आता बगा!" आणि बटण दाबलं.

माझ्या स्विचप्रमाणे काहीच व्हायला नको होतं. पण इंजिन एकदा घरघरलं आणि बंद पडलं.

इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टिअरिंग बंद. ब्रेकच्या पेडलला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही बंद. उरलेला व्हॅक्यूम आबांनी दोनदा घाईने पेडल मारून संपवला. तिसऱ्यांदा पेडल लाकडासारखं घट्ट. पुढे वळण, त्याच्या पलीकडे दरी, मागे वाळू.

"ब्याड मालक, ब्याड!" सिद्धाराम कन्नडमध्ये 'नको, नको' ओरडायला लागला. घाबरला की त्याचं मराठी संपायचं.

"क्लच दाबा!" मी ओरडले. "आबा, क्लच!"

त्यांनी दाबला. मी गियरचा दांडा धरून तिसऱ्यात ढकलला.

"सोडा आता!"

जबर हिसका बसला. माझं डोकं आरशावर आपटलं. पण चाकांनी इंजिन फिरवलं, झडप मिटलेलीच होती, आणि गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी आवरली गेली. वळण आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने घेतलं. पुढच्या सपाटीला सिद्धारामने माझ्यावरून वाकून हँडब्रेक ओढला, उडी मारून उतरला आणि चाकाखाली दगड लावला.

मी डॅशबोर्डखाली वाकले. सेफ्टी स्विचच्या दोन्ही वायरी कापून एकमेकींना पिळून जोडलेल्या. वर सुबक चिकटपट्टी.

"हे कुणी केलं?"

"गावातला वायरमन," आबा पुटपुटले. "उभ्या गाडीत आवाज येत न्हवता. चौकात लोकं बगायला जमली होती..."

मी सिद्धारामच्या जागेवर सरकले. सिद्धारामने स्टिअरिंगकडचं दार उघडून आबांना सरकायला लावलं. आबा सरकले.

स्विच पुन्हा जोडून दिला, आणि या वेळी हात पोचणार नाही अशा जागी. महिन्याभराने सिद्धाराम ऑइल बदलायला आला. गाडीत आता माल मोजका भरतात. शिवाय आबांनी सगळ्या गाड्यांमध्ये पाटी लावली आहे: 'घाटात न्यूट्रल करू नये. हुकुमावरून.'

"ट्रायलचं काय सांगतात गावात?" मी विचारलं.

सिद्धाराम लाजला. "मालक म्हणत्यात, गाडीत बाई होती, ती लई किंचाळली. पर मी डोकं शांत ठेवून तिसरा टाकला."

या धंद्यात मी एवढं शिकले, की गिऱ्हाइकाला चूक पटवून द्यायच्या भानगडीत पडू नये. योग्य गोष्ट आपणच शोधून काढली, असं त्याला वाटलं की तो ती नक्की पाळतो.