त्या चिठ्ठीवरचा कान

आधी वैशालीमॅडमचं नाव घेते, मग पुढचं. मेढ्याकडच्या आमच्या वाडीतून मी सांगलीत आले तेव्हा नववीतच शाळा सुटलेली. दवाखान्याचं काचेचं दार ढकलायचं की ओढायचं, तेही कळेना. मॅडम कानांच्या तज्ज्ञ. त्यांनी मला झाडलोटीला ठेवलं, राहायला खोली बघून दिली आणि वर्षभरात कान तपासायची मशीन हातात दिली. आणि जे सांगणार आहे ते त्यांनाच काय — आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे का — कान नुसता ऐकत नाही, उत्तरही देतो? मॅडमनी सांगितलं तेव्हा मला चेष्टाच वाटली होती. कानात बारीक टकटक सोडली की चांगला कान आतून त्याहून बारीक आवाज करतो. आपल्याला तो कळत नाही, मशीनला कळतो. तान्ह्या बाळाला कसं विचारणार, ऐकू येतं का म्हणून? मग त्याच्या कानालाच विचारायचं. उत्तर आलं तर ‘पास’. नाही आलं तर ‘रेफर’, म्हणजे पुन्हा आणा, पुन्हा तपासू.

मला ह्याचं लय नवल. जेवणाच्या सुट्टीत मशीनच्या नळीची रबरी टोपी बदलून ती नळी मी माझ्याच कानात घातली. पास! इतकी वर्षं माझा कान बोलत होता आणि मलाच पत्ता नव्हता. पुढं कितीदा तरी घातली — सर्दी झाल्यावर काय म्हणतो, उपाशीपोटी काय म्हणतो. त्या कुतूहलानंच मला ती वाट दाखवली, असं म्हणू? न्हाई. कुतूहलाच्या माथी कशाला मारू.

एका सकाळी प्रसूतिगृहातल्या बाळांच्या तपासणीला मॅडमनी मला पहिल्यांदाच एकटीला पाठवलं. “जमेल तुला. दुपारी मी येतेच.” शेवटची मुलगी तीन दिवसांची. तिला घरी न्यायची परवानगी मिळालेली, बाहेर गाडी उभी, आणि ही रडून लाल. आजी टोपडं घेऊन टपलेली.

“आवं बाई, आमच्या घरात समदी वरडूनच बोलत्यात. हिला न्हाई ऐकू आलं तर हिचंच नशीब थोर!”

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले.

डावा — रेफर. उजवा — रेफर. रडण्यामुळं असेल, म्हटलं. आईनं पाजलं, निजवलं. पुन्हा तेच. आणि खरं सांगायचं तर — दुसऱ्या वेळी ती गाढ झोपली होती. पुन्हा बोलवायचं, एवढंच करायचं होतं. मला ते पाठ होतं. पण मॅडम काय म्हणतील? पहिल्याच दिवशी हिला जमलं नाही?

मी खिडकीकडं तोंड केलं आणि नळी माझ्या कानात घातली. डाव्याच्या जागी डावा, उजव्याच्या जागी उजवा — एवढा नेमकेपणा मात्र पाळला. पास. पास. मशीनमधून निकालाची चिठ्ठी निघाली तोवर मॅडम आल्याच. त्यांनी सही केली, माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून तिथंच आहे.

अडीच वर्षांनी ती मुलगी आली. ईश्वरी. एक शब्द बोलत नव्हती. मॅडमनी तपासलं — दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच नाही. तिच्या आईनं लशीच्या कार्डातून घडीची चिठ्ठी काढली.

“लोकं म्हणायची, दाखवून आणा. आमी निवांत हुतो, मॅडम. तुमची चिठ्ठी हुती की.”

मॅडम सहीकडं बघत राहिल्या. “सही माझी आहे. म्हणजे चूकही माझीच.”

ती माणसं गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “त्या दिवशीचं काही आठवतंय का गं?”

“न्हाई, मॅडम.”

नळी कानात घालताना मी तोंड तरी फिरवलं होतं. हा शब्द मात्र सरळ बाहेर आला. कुठून आला? मी अजून शोधते.

ईश्वरी आता ऐकायची यंत्रं लावते, दर गुरुवारी बोलायला शिकायला येते. तिची यंत्रं मीच पुसते. ती अडीच वर्षं तिच्यापर्यंत काय पोचत असेल? आजीचं नुसतं हलणारं तोंड? मी कानात बोटं घालून बघते — तर मला आतली घरघर तरी ऐकू येते.

आणि मॅडम आता प्रत्येक बाळ स्वतः दोनदा तपासतात. तरी सही करताना त्यांचा पेन थांबतो. चिठ्ठीची झेरॉक्स त्यांच्या खणात आहे; कधीकधी काढून बघतात, आपलं काय चुकलं म्हणून.

त्यांचा स्वतःवरचा भरवसा मी नेला, तो परत करायचाय. एक दिवस ती झेरॉक्स मीच त्यांच्यापुढं ठेवीन आणि सांगेन — मॅडम, तुमचं काही चुकलं नव्हतं. हा कान माझा आहे.