रॉडनी सारेलाची दुर्बीण

ऑक्टोबर सरत आला तेव्हा रॉडनी सारेला बेव्ह कोस्कीच्या दुकानात तिसऱ्यांदा शिरला आणि त्याने बंदूक काउंटरवर जवळजवळ आपटलीच.

"ही दुर्बीणपण भिकार निघाली."

बेव्हने चष्मा कपाळावर सरकवला. दुकान तसं हार्डवेअरचं. पुढे खिळे, फावडी, रंगाचे डबे आणि मागच्या भिंतीला बंदुका. "आता काय झालं?"

"दिसत नाही."

"मागच्या वेळीपण हेच म्हणालास."

"मागच्या वेळीपण दिसत नव्हतं!"

चौतीस वर्षं रॉडनीने काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवला. सुपिरियर सरोवरावरून वारा सुटला की समोरचा रस्ता दिसेनासा होतो, त्या वाऱ्यात त्याने बर्फ ढकलणारा ट्रक हाकला आणि एकदाही खड्ड्यात घातला नाही. आता निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती आणि बंदुकीवरच्या एका वीतभर नळकांड्याने त्याला जेरीस आणलं होतं.

बंदूक त्याच्या बापाची, लिव्हरवाली. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर केली की रिकामी पुंगळी उडते आणि नवं काडतूस आत बसतं. आखूड, हलकी, आमच्याकडच्या दाट झाडीत हिच्यासारखी बंदूक नाही. पण हिची एक खोड आहे. पुंगळी बाजूला उडत नाही, सरळ वर उडते. ज्याने कुणी ती घडवली त्याच्या डोक्यात दुर्बीण नव्हतीच. नळीच्या टोकाला माशी म्हणजे नेमाचा बारीक मणी, अलीकडे खाच, दोन्ही जुळवा आणि मारा. रॉडनीने बावन्न वर्षं तसंच मारलं. गेली दोन वर्षं मात्र हरणाकडे बंदूक रोखली की नेमकी माशी गायब व्हायची आणि तिच्या जागी एक धुरकट डाग उरायचा. वय झालं की सगळ्यांचंच असं होतं, दुर्बीण लावली की भागेल, असं त्याने स्वतःला पटवलं होतं.

दोन वर्षांत त्याने एकही गोळी झाडली नव्हती. हरणं आली आणि गेली. "मध्ये फांदी आली," असं तो कॅम्पवर सांगायचा. सहा जणांचा कॅम्प, वडिलांनी बांधलेली लाकडी खोली, शेजारी वाफेच्या अंघोळीची सौना, आणि कारभार मोठ्या भावाचा, वेस्लीचा. कोण कुठल्या मचाणावर बसणार ते वेस्ली आदल्या संध्याकाळी एका पुठ्ठ्यावर लिहितो. ज्याच्याने शिकार होत नाही त्याचं नाव पुठ्ठ्यावर नसतं. तो चूल सांभाळतो. चूल सांभाळणारा आर्नी गेल्या हिवाळ्यात वारला आणि सप्टेंबरात वेस्लीने फोनवर अगदी सहज म्हटलं होतं, "रॉड, तुझ्या मचाणाजवळच्या फांद्या फारच वाढल्यात रे. यंदा तू चूल घे ना."

ते "ना" रॉडनीला झोंबलं होतं. चूल घ्यायची म्हणजे सकाळी बाकीचे काळोखात जंगलात जाणार आणि आपण बटाटे सोलत बसणार. मग एक वर्ष, मग दुसरं, मग आर्नीसारखंच. शिकारीचा मोसम सुरू होतो पंधरा नोव्हेंबरला. त्याच्या आत दिसायलाच हवं होतं.

पहिली दुर्बीण त्याने मासिकातली जाहिरात पाहून मागवली. चांगली मनगटाएवढी जाड. उडणारी पुंगळी दर वेळी तिच्या पोटावर आदळून परत बंदुकीत पडायची, आणि जाड हातमोज्यातला अंगठा तिच्याखालच्या, मागे ओढायच्या घोड्यापर्यंत पोचेना. बेव्ह ती पाहून हसली होती. "ही काय चंद्र बघायला घेतलीस?" दुसऱ्या वेळी दुर्बीणच नको म्हणून त्याने भोकाची चकती बसवून घेतली. त्या भोकातूनही डागच दिसला. मग तिसऱ्या वेळी बेव्हने ही दुर्बीण दिली: पंजात मावेल एवढी, पुढे नळीवर बसणारी, म्हणजे पुंगळी तिच्या मागून मोकळी उडून जाते. दुप्पट मोठं दाखवते, बस्स. या बंदुकीला याहून शहाणी दुर्बीण नाही, असं ती छातीठोकपणे म्हणाली होती.

"तुझ्या बापाने या दुकानात असला माल ठेवला नसता," रॉडनी म्हणाला.

हे जरा जास्तच झालं. बेव्हने दारावर "आलेच" अशी पाटी लावली, बंदूक उचलली आणि त्याला मागच्या खडीच्या खाणीत नेलं. समोर पुठ्ठ्याचं निशाण होतं.

"मार."

त्याने बंदूक उजव्या खांद्याला लावली. मान वाकडी केली. सरळ केली. पुन्हा वाकडी केली. गोळी खडीत कुठेतरी गेली.

"खांद्याला लावायच्या आधी तू निशाणाकडे कसा बघतोस माहितीये? मान फिरवून, डाव्या डोळ्याने," बेव्ह म्हणाली. "दुकानात माझ्याकडेपण तसाच बघतोस." आणि तिने सरळ आपला हातमोजा त्याच्या डाव्या डोळ्यावर धरला. "माझं नाक दिसतंय?"

त्याला तिची टोपी दिसत होती. कान दिसत होते. मधोमध धूर होता.

"काढ तो हात!"

"रॉडनी, डॉक्टरला दाखवलंस?"

दाखवलं होतं, दोन वर्षांपूर्वी. उजव्या डोळ्याची मधली नजर गेली, परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. डावा शाबूत होता, गाडी चालवता येत होती, म्हणून रॉडनीने तो कागद गॅरेजमध्ये ठेवला आणि बायकोला, मार्लीनलासुद्धा सांगितलं नाही. हे सगळं तो बेव्हला बोलला नाही. त्याला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही डोळ्यांत.

"मग डाव्या खांद्यावरून मार," बेव्ह म्हणाली. "दुसरी कुठली बंदूक असती तर पुंगळी उजवीकडे, तुझ्या तोंडासमोरून उडाली असती. हिची पुंगळी वर उडते, कडी मधोमध. हिला डावं-उजवं कळतच नाही, बाबा."

"मला कळतं ना!" रॉडनी ओरडला. "बावन्न वर्षं उजव्याने मारतोय मी!"

तो तरातरा निघून गेला. पण दुर्बीण परत करायची मात्र विसरला.

पुढचे तीन आठवडे तो गॅरेजमध्ये रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावत होता. हात ऐकेनात. कडी ओढताना दस्ता गालावरून सुटायचा, चापावरचं बोट परक्या माणसाचं वाटायचं. मार्लीन कपड्यांची टोपली घेऊन आली आणि बघतच राहिली. "झाडू धरलायस की बंदूक? आणि उलटी का?"

"दुर्बीण नवीन आहे," तो खेकसला.

वेस्लीला त्याने फोनवर ठणकावलं की फांद्या छाटल्यात, मला मचाण हवं. "बरं बाबा, मोसमाच्या पहिल्या दिवसापुरतं," वेस्ली म्हणाला.

पंधरा तारखेला उजाडल्यावर तासाभराने हेमलॉकच्या झाडांखालून नर आला. आठ टोकांची शिंगं, चाळीस पावलांवर, बर्फात तोंड खुपसत. रॉडनीने बंदूक उचलली, ती आपोआप उजव्या खांद्याला गेली आणि हरणाच्या जागी धूर आला. त्याने स्वतःला सणसणीत शिवी हासडली. बंदूक डावीकडे घेतली. दुर्बिणीत अख्खं हरीण उभं राहिलं, नाकपुडीतली वाफसुद्धा दिसली. तेवढ्यात ते उडालं. रॉडनीने चाप ओढला. मागच्या बर्चच्या झाडाचा ढलपा निघाला. कडी ओढून दुसरी झाडेपर्यंत झाडीत नुसती शेपटी होती.

रक्त नव्हतं, केस नव्हते. त्याने तासभर माग काढून खात्री केली. साफ चुकली होती.

दुपारी कॅम्पवर सगळे मटणाच्या करंज्या खात होते. दोन बार सगळ्यांनी ऐकले होते. "कुठेय?" वेस्लीने विचारलं.

"चुकलं."

एकच कल्ला झाला. नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकायचं, हा आमच्याकडचा नियम. त्यात सख्ख्या भावालाही सूट नाही. वेस्लीने कात्री घेतली, दोघांनी रॉडनीला धरलं. "तीन-तीन दुर्बिणी बदलल्या म्हणे!" वेस्ली खिदळत होता. "बेव्हला निदान चांगली तरी मागायचीस!"

"दुर्बीण चांगलीये," रॉडनी म्हणाला. "उजवा डोळा गेलाय. दोन वर्षं झाली. डाव्याने मारलं."

कात्री थांबली. धरणाऱ्यांचे हात सैल पडले. कुणीतरी चुलीकडे पाहिलं. ते पाहणं त्याला कळलं, आणि डागापेक्षा, बेव्हपेक्षा, त्या सगळ्या नळकांड्यांपेक्षा त्याला त्या नजरेचाच जास्त राग आला.

"थांबलास काय, वेस? गोळी झाडलीये मी. काप!"

वेस्लीने क्षणभर त्याच्याकडे, त्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं. मग त्याने कमरेपासून चांगला हातभर तुकडा कापला, त्यावर तारीख लिहिली आणि भिंतीवर ठोकला. नंतर पुठ्ठा मांडीवर घेऊन तो उद्याची नावं लिहायला बसला.

"तुझ्या हेमलॉकच्या मचाणावर हरीण कुठून येतं, उजवीकडून?"

"डावीकडून," रॉडनी म्हणाला.

"मग खुर्ची फिरवून ठेव, डाव्या खांद्याला हरीण उजवीकडे हवं," वेस्ली म्हणाला, आणि त्याने रॉडनीचं नाव लिहिलं.