एका खोलीत दोन मिस्त्री

आमच्या ह्यांना कामावर सगळे ‘ओळंबा’ म्हणतात. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हे अंगानं उंच, काटकुळे, आणि स्वभावानंही तसलेच. एकदा एका जागी थांबले की हलायचं नाव नाही. वीस वर्षं फरश्या बसवतायत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी चपला काढायच्या आधी ह्यांची नजर जमिनीवर. “कोपऱ्यात अर्धं सूत खाली गेलंय,” असं यजमानाच्या तोंडावर सांगणार. मी कोपरानं ढोसते, तरी सांगणार. असल्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत.

माणूस वाईट नाही हो. दिलेल्या तारखेला काम संपवतात, आणि चुकलं तर स्वतःच्या हातानं उखडतात. एकदा एका शाळेच्या व्हरांड्यात पहिली फरशी वाकडी लागली म्हणून संध्याकाळी सबंध रांग काढून टाकली. मुख्याध्यापक म्हणत होते, राहू द्या हो, कुणाला दिसतंय? हे म्हणाले, “मला दिसतंय.”

आमची ठकी लग्नानंतर नऊ वर्षांनी झाली. कागदावर नाव मोठं आहे, पण घरात ठकीच. सात महिन्यांची झाली तरी मान धरेना. मांडीवर बसवली की ओल्या टॉवेलसारखी एका बाजूला ओघळायची. शेजारणीचं पोर तिच्याच वयाचं, ते घरभर रांगत चपला चघळायचं. मी ते बघायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

मुलांच्या डॉक्टरांनी ठकीला उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, “स्नायूंत जोर कमी आहे. का, ते तपासण्या केल्यावर कळेल, कदाचित कळणारही नाही. पण कारण सापडायची वाट बघू नका. व्यायाम लगेच सुरू करा.” मोठ्या इस्पितळातल्या फिजिओथेरपीच्या बाईंच्या नावानं चिठ्ठी दिली. तिथली तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली.

घरी दाराशी आल्यावर हे म्हणाले, “बिघाड कुठं आहे माहीत नाही आणि दुरुस्ती सुरू करा म्हणे. असं कुठं असतं का?”

नेमकं तेव्हाच ह्यांचं काम एका नव्या दवाखान्यात चालू होतं. दवाखाना एका कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हातानं दाबून पाठीचे मणके जागेवर बसवतो म्हणणाऱ्याचा. मी त्याला मणकेवालाच म्हणते. काम संपलं त्या दिवशी हा गृहस्थ म्हणे गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून सगळी खोली बघत गेला, आणि खिडकीखालच्या एका फरशीवर बोट ठेवलं. “ही केसभर वर आहे.” होती! हे घरी आले ते नवरदेवासारखे फुलून. “अगं, वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझी चूक दाखवली!” त्यानं ह्यांना सांगितलं होतं, तुमचं माझं काम एकच, तुम्ही जमीन लेव्हलला आणता, मी पाठ.

मी म्हटलं, “जमीन रडत नाही.”

पण माझं ऐकतंय कोण? पालथ्या घड्यावर पाणी. त्याच आठवड्यात आम्ही ठकीला घेऊन गेलो. उंच बाकावर कागद अंथरलेला, कोपऱ्यात स्टँडला टांगलेला प्लॅस्टिकचा कणा. मणकेवाल्यानं ठकीच्या मानेखाली दोन बोटं घातली आणि डोळे मिटले. “वरचा मणका सरकलाय. म्हणून मेंदूचा निरोप खाली पोचत नाही. पाया वाकडा असला की वरचं सगळं वाकडं जातं, तुम्हाला मी काय सांगायचं?”

“फोटो न काढता कसं कळलं?” मी विचारलं.

“बोटांना कळतं.”

ह्यांनी मान डोलावली. ह्यांच्याही बोटांना कळतं ना! फरशीवर टिचकी मारून खाली पोकळ आहे की भरीव ते सांगतात. मी तिथेच पोरीला उचलून निघायला हवं होतं. निघाले नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या दुपारी ठकी तीन तास शांत झोपली, तेव्हा मलाही वाटलं, असेल बाई काहीतरी.

मग आठवड्यातून दोनदा फेऱ्या सुरू झाल्या. मी टपाल कचेरीत पत्रं निवडायच्या कामाला आहे. अर्धी रजा टाकायची, पोरीला कडेवर मारायची, दोन बस बदलायच्या, आणि तिथं सात मिनिटांत काम आटपायचं. बोटानं जरा दाबायचं, पेनासारख्या एका यंत्रानं टक् करायचं, झालं. ठकी हसली, मणका बसतोय. पोट साफ झालं, मणका बसतोय. काहीच झालं नाही, तर आतून काम चालू आहे. असा धंदा मला मिळाला असता तर मी पत्रं कशाला निवडत बसले असते?

इस्पितळाच्या तारखेचं मी मधूनमधून विचारायची. दीड महिना उलटला, दोन झाले. हे म्हणायचे, “कळवतील ते.” ह्यांना खोटं बोलता येत नाही असं सगळं गाव सांगतं, म्हणून मी थांबले. सासूबाई तेवढ्या पुटपुटायच्या, “चिठ्ठी दिलीय तर एकदा जाऊन का येत नाही?” त्यांना हे म्हणायचे, “आई, तू मध्ये पडू नको.” मायलेक दोघांच्या मध्ये मी मूग गिळून बसायची. ठकी साडेअकरा महिन्यांची झाली. अजून ओघळतच होती.

एका दुपारी माझा संयम संपला. परस्पर इस्पितळात गेले. खिडकीमागच्या मुलीनं संगणकात बघितलं, पुन्हा बघितलं.

“तुमची तारीख होती की. बाळाच्या वडिलांनी फोन करून रद्द केलीये.”

“कधी?”

“चार महिने होत आले.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीपाशीच मी रडले, भांडले, गयावया केली. त्या मुलीची काय चूक? तरी तिनं पाणी दिलं आणि कुणाची तरी रद्द झालेली तीन आठवड्यांनंतरची वेळ लिहून दिली. तिथून मी तडक ह्यांच्या कामावर गेले. एका कचेरीच्या हॉलमध्ये हे पलीकडच्या टोकाला गुडघ्यांवर बसून रबरी हातोड्यानं फरशी ठोकत होते. मला बघून ओरडले, “थांब, थांब! ओलं आहे, पाय ठेवू नको!”

मी ठेवला. सरळ मधूनच चालत गेले. एकेक फरशी पायाखाली खचत होती, सांध्यांतनं सिमेंट वर येत होतं. ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“तारीख का रद्द केलीत?”

ह्यांनी हातोडा खाली ठेवला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, “एका खोलीत दोन मिस्त्री घालत नाहीत. एकाची लेव्हल दुसऱ्याला कळत नाही, दोघं मिळून खोलीची वाट लावतात. हे एक पुरं झालं की तिकडे जायचंच होतं.”

“ती खोली आहे का हो? लेकरू आहे ते! आणि मला ‘कळवतील’ म्हणून सांगितलंत!”

हे खचलेल्या फरश्यांकडे बघत राहिले.

मणकेवाल्याला मीच फोन करून कळवलं की आता येणार नाही. म्हणाला, “अर्धवट सोडलंत तर पुढची जबाबदारी तुमची.” चार महिने जबाबदारी कुणाची होती, हे विचारायचं मला फोन ठेवल्यावर सुचलं. मला नेहमी उशिराच सुचतं.

फिजिओथेरपीच्या बाई आडव्या बांध्याच्या, केस पांढरे झालेल्या. खुर्ची सोडून सरळ सतरंजीवर फतकल घालून बसल्या. टॉवेलची गुंडाळी करून ठकीच्या छातीखाली सारली आणि समोर खुळखुळा धरला. ठकीनं नाक सतरंजीवर टेकून भोकाड पसरलं. बाईंनी चिठ्ठीवरची तारीख वाचली, आमच्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. घरी रोज काय काय करायचं ते एकेक करून दाखवलं.

निघताना ह्यांनी विचारलं, “तेव्हाच आलो असतो, तर?”

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. “फरक पडला असता, किंवा फारसा पडलाही नसता. खरंच सांगता येत नाही.”

त्या दिवसापासून व्यायाम ह्यांनीच अंगावर घेतले. रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाऊण तास, संध्याकाळी पुन्हा तेवढाच. ठकी रडायची, हे थांबायचे नाहीत. घामाघूम व्हायचे दोघं. पण तोंडातनं एकदाही ‘चुकलं’ म्हणून निघालं नाही, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मग मीही सोडलं नाही. चहाला उशीर का, म्हणून विचारलं की मी म्हणायची, “चार महिने वाट बघायला लावलीत, चार मिनिटं बघा.” किल्ली सापडत नाही म्हटलं तर, “चार महिन्यांसारखी कुठंतरी हरवली असेल.” ऊठसूट चार महिने. सासूबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, “पुरे गं आता.” मी त्यांनाही फटकारलं.

ठकी सव्वा वर्षाची झाल्यावर एका रविवारी सकाळी हे तिला सतरंजीवर बसवत होते. ती दोन्ही हात पुढे टेकून बसायला शिकली होती, तेवढ्यावर गाडी अडली होती. खिडकीतनं उन्हाचा पट्टा आत आला होता. तिनं त्याच्यावर थापटी मारायला एक हात उचलला. मग दुसराही उचलला. आणि बसली. कुणी धरलेली नाही, कशाला टेकलेली नाही, पाठ ताठ, मान वर.

“अहो, बसली! बसली की हो!” मी किंचाळलेच. सासूबाई ओल्या हातांनी धावत आल्या, पदरात तोंड खुपसून रडायला लागल्या. हे तसेच गुडघ्यांवर, तिच्या दोन्ही बाजूंना हात धरून, पण तिला न शिवता. मी वाट बघत होते, आता हसतील, आता तिला उचलतील.

“चार महिने आधीच बसली असती,” हे म्हणाले.

शब्द माझे. सूरही माझाच, अगदी जसाच्या तसा. त्या बाईंनी सांगितलं होतं, खरंच सांगता येत नाही म्हणून. ते मीही ह्यांच्या शेजारी बसूनच ऐकलं होतं, आणि ह्यांना ते माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं होतं, हे मला समोर दिसत होतं. एवढं एक वाक्य. माझ्या जिभेवर आलं होतं.

मी बोलले नाही. अजून बोललेले नाही.